चीजची साठवण आणि थंडीची मर्यादा

दोन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत चीज म्हणजे पत्र्याच्या डब्यात बंद असलेला, परीक्षा संपल्यावर किंवा आगगाडीच्या लांबच्या प्रवासासाठी विकत आणावयाचा एक अपूर्वाईचा जिन्नस होता. आज त्याच घरांच्या शीतकपाटात पिझ्झ्यासाठी आणलेल्या मोझरेलाची अर्धी पिशवी, पाहुण्यांसाठी घेतलेल्या पनीरचा उरलेला ठोकळा, परदेशाहून आलेल्या आप्ताने दिलेला गौडाचा तुकडा आणि मुलांच्या डब्यासाठी ठेवलेल्या प्रक्रिया केलेल्या चीजच्या चकत्या, अशी चार निरनिराळ्या कुळांतील मंडळी एकाच फळीवर नांदताना दिसतात. या सर्वांना एकाच नावाने हाक मारली जात असल्यामुळे त्यांचा बंदोबस्तही एकाच रीतीने करावा अशी समजूत रूढ झाली, आणि उरले की फ्रीझरमध्ये टाकावे, हा तिचा सोपा हुकूम घरोघर अमलात आला. हा हुकूम काही चीजांच्या बाबतीत शहाणपणाचा आहे, काहींच्या बाबतीत निरुपद्रवी आहे, आणि काहींच्या बाबतीत मात्र महिनोन्‌महिने खपून सिद्ध केलेल्या कारागिरीचा तो एका रात्रीत नाश करतो. कोणते चीज कोणत्या वर्गात पडते, याचा एकदा तपशिलाने विचार करावा एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

या प्रश्नाची किल्ली पाण्यात आहे, आणि ही किल्ली आपल्या स्वयंपाकघरात चीज येण्याच्या कितीतरी आधीपासून खुंटीला टांगलेली होती. लोणी चार दिवसांत खवट होते, पण तेच कढवून त्यातील पाणी उडवले आणि बेरी खाली बसू दिली की निघालेले तूप महिनोन्‌महिने फडताळात निर्धास्त राहते. ताजे दूध संध्याकाळपर्यंत टिकवताना जिवाचा आटापिटा होतो, पण आटवून खवा केला तर त्याला थोडी अधिक मुदत मिळते. सांडगे, कुरडया आणि पापड यांची सारी वहिवाट पाणी काढून घेण्याच्या याच एका तत्त्वावर उभी आहे. चीज हा युरोप आणि पश्चिम आशियातील पशुपालकांनी याच तत्त्वाचा केलेला आविष्कार होय. गाईच्या दुधात शेकडा ८७ भाग पाणी असते. ते निवळीच्या रूपाने कमीअधिक काढून टाकावयाचे, उरलेल्या घन भागाला मीठ लावावयाचे आणि आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या हवाली करावयाचे, एवढ्या तीन क्रियांच्या मेळातून चीजचे शेकडो प्रकार जन्मास आले. इटलीतील पार्मिजानो रेज्जानो या जुन्या चीजमध्ये शेकडा सुमारे ३० भाग पाणी उरते, चेडरमध्ये ३७च्या आसपास, मोझरेला आणि पनीर यांत निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक, आणि कॉटेज चीजमध्ये तर ८०च्या घरात. हे आकडे ज्याने ध्यानात ठेवले त्याला पुढील बहुतेक निर्णय स्वतःचे स्वतः करता येतील, कारण शीतकपाट किंवा फ्रीझर चीजवर जो परिणाम करतो तो प्रामुख्याने या उरलेल्या पाण्यावर करतो.

हा परिणाम घडतो कसा ते पाहावे. चीजचा देह केसीन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म जाळ्याचा असतो, आणि त्या जाळ्याच्या घरांत स्निग्धांशाचे कण व पाणी अडकून बसलेले असते. पाणी गोठताना शेकडा सुमारे ९ भाग फुगते, आणि त्याचे स्फटिक अणकुचीदार असल्यामुळे जाळे ताणले जाते, ठिकठिकाणी तुटते, आणि प्रथिनाने धरून ठेवलेले पाणी त्याच्यापासून अलग होते. बर्फ वितळल्यावर हे अलग झालेले पाणी पूर्वीच्या घरी सहसा परत जात नाही. ते ठिबकते, आणि मागे उरलेले चीज भुसभुशीत, रवाळ किंवा पिठूळ होते. गोठण्याची क्रिया जितकी सावकाश तितके स्फटिक मोठे आणि नासाडी अधिक. क्लॅरेन्स बर्ड्‌साय या अमेरिकन गृहस्थाने लॅब्रडॉरच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत पकडताक्षणी गोठलेले मासे वितळल्यावरही ताज्यासारखे लागतात हे पाहिले, आणि १९२०नंतरच्या दशकात जलद गोठवणीचा धंदा उभा केला, तो याच रहस्याच्या बळावर. कारखान्यात वाऱ्याच्या प्रचंड झोताने जे काम मिनिटांत होते त्याला आपल्या घरातील फ्रीझर कित्येक तास घेतो. म्हणून बाजारातील गोठवलेल्या मालाचे यश हा घरगुती प्रयोगाचा दाखला मानता येत नाही. मात्र चीजचे तुकडे लहान आणि चपटे केले तर थंडी लवकर आत शिरते, आणि घरच्या यंत्रालाही त्या मानाने बरे काम करता येते.

कठीण आणि मध्यम कठीण चीजांपासून आरंभ करू. चेडर, गौडा, एमेंटाल ही मंडळी फ्रीझरमधून जिवंत परत येतात, पण बदलून येतात. माझ्या घरी हॉलंडहून आलेल्या एका आप्ताने जुन्या गौडाचा किलोभराचा तुकडा मोठ्या प्रेमाने आणून दिला होता. एवढे संपणार केव्हा या काळजीने आम्ही तो जसाच्या तसा फ्रीझरमध्ये ठेवला आणि दोन महिन्यांनी ऐन मे महिन्यात ओट्यावर ठेवून वितळू दिला. सुरी लावताच त्याच्या चकत्या पडण्याऐवजी खडे पडू लागले, जिभेवर पूर्वीचा गुळगुळीतपणा कोठे सापडेना, आणि देणाऱ्याला काय सांगावे या विचाराने मन खजील झाले. त्याच रात्री तेच खडे उकडलेल्या बटाट्यांवर पसरून भट्टीत घातले तेव्हा मात्र त्यांत काही उणीव आहे असे खाणाऱ्यांपैकी कोणालाही वाटले नाही. चव पुष्कळशी शाबूत राहते, नष्ट होते ते पोत. आणि उष्णतेने चीज वितळले की पोताचा प्रश्नच मिटतो, हा धडा त्या एका तुकड्याने मला कायमचा दिला. म्हणून या वर्गातील चीज गोठवावयाचेच असेल तर पाव किंवा फार तर अर्ध्या किलोचे तुकडे करून अथवा किसून गोठवावे, सहा महिन्यांच्या आत संपवावे, आणि ते शिजणाऱ्या पदार्थांसाठीच राखून ठेवावे. पार्मिजानोसारख्या अतिशुष्क चीजला फ्रीझरची गरज सहसा नसतेच. निदान बारा महिने मुरल्याशिवाय ज्याला ते नाव धारण करण्याचा अधिकार मिळत नाही, त्याला शीतकपाटात आणखी काही आठवडे काढणे अवघड नाही; त्याची टणक साल मात्र जरूर गोठवून ठेवावी, कारण भाज्यांच्या सारात ती उकळली की साराला जी खोली येते ती दुसऱ्या कशाने येत नाही.

मोझरेलाच्या नावाखाली दोन भिन्न पदार्थ विकले जातात, आणि साठवणीचा विचार करताना त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. एक इटलीच्या कांपानिया प्रांतातील, म्हशीच्या दुधाचे, पाण्यात बुडवून विकले जाणारे आणि दोनचार दिवसांतच खाऊन संपवावयाचे मऊसूत गोळे. हे गोठवणे म्हणजे त्यांचा जीव घेणे होय. दुसरे कमी पाण्याचे, पिझ्झ्यासाठी अमेरिकेत वाढीस लागलेले आणि आता पुणे जिल्ह्यातील मंचरपासून गुजरातेतील आणंदपर्यंत आपल्याकडेही मुबलक तयार होणारे चीज. गोठवणीच्या बाबतीत सर्व चीजांत हेच अधिक सहनशील ठरले आहे. गरम पाण्यात ताणताणून केल्यामुळे याच्या प्रथिनाचे तंतू एका दिशेने ओळीने बसतात आणि पाणी व स्निग्धांश त्यांच्यामधल्या वाटांत राहतात. गोठवल्याने त्या वाटांतील पाणी तंतूंपासून सुटते, आणि वितळवून लगेच भाजल्यास पाणी सुटून पाव ओला होण्याचा संभव असतो. परंतु वितळलेले चीज शीतकपाटात आठवडा दोन आठवडे तसेच राहू दिले तर प्रथिन हे सुटे पाणी पुष्कळसे पुन्हा शोषून घेते आणि ताणण्याचा गुण बराचसा परत येतो, असे या विषयाच्या अभ्यासात दिसून आले आहे. ही गोष्ट गृहिणीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण अखंड गोळा गोठवला असेल तर आदल्या रात्री बाहेर काढण्यापेक्षा चारपाच दिवस आधी खालच्या कप्प्यात उतरवणे हिताचे. किसलेल्या मोझरेलाला मात्र हा विश्रांतिकाळ देण्याचे कारण नाही. किसून, चिमूटभर मक्याचे पीठ लावून, पिशवीत चपटे पसरून गोठवावे आणि लागेल तेव्हा मूठभर काढून न वितळवता थेट पिझ्झ्यावर पसरावे. तव्यावर झाकण ठेवून केलेल्या घरगुती पिझ्झ्यासाठीसुद्धा ही रीत मी निःशंकपणे सुचवीन.

आता पनीर. आपल्या घरांत ज्याची खरीखुरी साठवण करावी लागते ते हेच, आणि याच्याच बाबतीत फ्रीझरविषयी अपेक्षाभंग सर्वांत अधिक होतो. त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. गौडा किंवा चेडर यांचे दूध रेनेट नावाच्या, मूळ वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने सावकाश गोठते. पनीरसाठी आपण दूध उकळीच्या जवळ नेतो आणि लिंबाच्या रसाने किंवा सायट्रिक आम्लाने नासवतो, त्यामुळे केसीनबरोबर निवळीतील प्रथिनेही साक्यात येतात आणि जे जाळे तयार होते ते आचेवर वितळत नाही. रश्श्यात उकळूनही पनीरचा चौकोन चौकोनच राहतो, हा त्याचा गुण आपण जाणतो. पण फ्रीझरच्या संदर्भात तोच त्याचा दोष ठरतो. मोझरेलाला झालेली इजा वितळताना झाकली जाते. पनीर वितळतच नसल्यामुळे त्याची इजा ताटापर्यंत उघडी राहते, आणि दाताखाली येणारा तुकडा स्पंजासारखा पोकळ किंवा कोरड्या चोथ्यासारखा लागतो. चवीत फारसे अंतर पडत नाही. अंतर पडते ते देहात, आणि पनीरचे सारे आकर्षण तर त्याच्या मऊ देहातच असते.

पनीरचे नैसर्गिक आयुष्य अल्प आहे. साध्या हवेत ते एका दिवसापलीकडे राहत नाही. १० अंश सेल्सिअसला सहा दिवस टिकते, तरी त्याचा ताजेपणा तिसऱ्या दिवसानंतरच ओसरू लागतो. कायद्याने त्यातील पाण्याचे प्रमाण शेकडा ६० भागांहून अधिक असता कामा नये असे बंधन आहे; एवढ्या ओलाव्यात सूक्ष्म जीवांना कशाचीच वाण पडत नाही, आणि मीठही नसल्यामुळे त्यांना अटकाव करणारे कोणी उरत नाही. म्हणून घरच्या पनीरची उत्तम तजवीज म्हणजे ते झाकणाच्या भांड्यात थंड पिण्याच्या पाण्यात पूर्ण बुडवून शीतकपाटाच्या मागच्या, अधिक थंड भागात ठेवणे, पाणी रोज न चुकता बदलणे आणि तीनचार दिवसांत संपवणे. पाण्यामुळे त्याचा पृष्ठभाग वाळत नाही आणि फळीवरील कांद्याचा वासही लागत नाही; पाणी बुळबुळीत लागू लागले किंवा आंबूस वास आला की पनीर टाकून द्यावे, धुऊन घेण्याच्या फंदात पडू नये. त्याहून जास्त मुदत हवी असेल तर गोठवण्यास हरकत नाही, पण तुकडे आधी पाडावेत, ताटात एकमेकांना न चिकटतील असे पसरून गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत, म्हणजे हवे तेवढेच काढता येतात. वापरण्यापूर्वी ते मिठाच्या गरम पाण्यात दहापंधरा मिनिटे भिजवले तर गेलेला मऊपणा थोडासा तरी परत येतो. भुर्जी, कोफ्ते, पराठ्याचे सारण अशा, जेथे पनीर कुस्करावयाचेच असते अशा ठिकाणी गोठवलेले पनीर ताज्याइतकेच उपयोगी पडते. तंदुरी तुकड्यांसाठी किंवा नुसत्या मिरपुडीबरोबर खाण्यासाठी ते कधीही काढू नये.

प्रक्रिया केलेल्या चीजविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमधील थुन या गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी चीज सायट्रेट क्षारांसह तापवून, घोटून, पुन्हा न फुटणारा एकजीव पदार्थ तयार केला, तो उष्ण प्रदेशांत चीज न बिघडता पोचावे याच गरजेतून. म्हणजे ज्याचा जन्मच टिकण्यासाठी झाला त्याला आणखी टिकवण्याची खटपट करावयाची हे अनाठायी आहे. न उघडलेले वेष्टन त्यावरील मुदतीपर्यंत शीतकपाटात निवांत राहते. गोठवल्यास त्याच्या चकत्या तडकतात आणि ठोकळा किसताना भुगा होतो, तव्यावरच्या सँडविचात मात्र त्याचे काही बिघडत नाही.

मऊ आणि बुरशीने पक्व होणाऱ्या चीजांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. ब्री, कामांबेर, रोकफोर ही चीजे विकत घेतल्यावरही जिवंत असतात; त्यांच्यावरील पांढरी साय किंवा आतील निळ्या शिरा या पेनिसिलियम कुळातील बुरशीच्या असून तिचे काम रोज चालू असते, आणि त्या कामाला मानवणारी हवा ही तळघरातल्यासारखी, गार पण ओलसर असते. फ्रीझर या जीवनक्रमाचा धागा मध्येच तोडतो. वितळल्यावर साल ओली आणि सैल होते, गाभा पाणी सोडतो, आणि जो सुगंध हेच या चीजांचे सर्वस्व तो फिका पडतो. निळ्या चीजचा उरलेला तुकडा सॉससाठी गोठवावा एवढीच काय ती मुभा मी देईन. क्रीम चीज, रिकोटा, मास्कार्पोने यांचा स्निग्धांश गोठण्याने फुटतो आणि ती दाणेदार होतात. भाजावयाच्या केकमध्ये ती खपतात, पावाला लावण्यासाठी खपत नाहीत. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे, ती अशी की फ्रान्समध्ये हिवाळ्यात शेळ्यांचे दूध आटते म्हणून उन्हाळ्यातील दुधाचा साका गोठवून ठेवण्याची आणि पुढे त्यातूनच चीज करण्याची पद्धत आहे. गोठवणीचा प्रयोग तेथे चीज घडण्यापूर्वी होतो, आणि मिसळणे, मीठ लावणे, मुरवणे हे संस्कार त्यानंतर होत असल्यामुळे तुटलेल्या जाळ्याची भरपाई व्हायला वाव राहतो. तयार चीजला ती संधी मिळत नाही.

आता यंत्राविषयी. अन्न दीर्घकाळ ठेवण्यासाठी उणे १८ अंश हे तापमान सर्वमान्य आहे. पण एक दाराच्या पुष्कळशा शीतकपाटांतील बर्फाचा कप्पा तितका थंड होत नाही. कप्प्यावर ताऱ्यांच्या खुणा असल्यास एक तारा उणे ६, दोन तारे उणे १२ आणि तीन तारे उणे १८ अंश असा त्यांचा अर्थ असतो, आणि तीन तारे नसतील तर महिन्यांचा हिशेब सोडून आठवड्यांचा धरावा. बर्फ न साचणाऱ्या यंत्रांत आतील भाग ठरावीक अंतराने किंचित तापवून बर्फ घालवला जातो. या चढउतारात आणि सततच्या वाऱ्यात उघड्या चीजचा पृष्ठभाग सुकून पिवळट, चामड्यासारखा होतो. भारनियमनाचा अनुभव ज्यांना आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की दार बंद राहिले तर गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास आपली थंडी राखतो, खालचा कप्पा मात्र चार तासांतच धोक्याच्या रेषेवर येतो. वीज गेल्यावर आत काय झाले ते पाहण्यासाठी वारंवार दार उघडणे, ही त्या प्रसंगी घडणारी नेहमीची चूक आहे.

वेष्टनाच्या बाबतीत शीतकपाट आणि फ्रीझर यांचे नियम परस्परविरुद्ध आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शीतकपाटात चीजला थोडा श्वास हवा असतो. प्लॅस्टिकमध्ये आवळून ठेवले तर ते घामेजते, कुबट होते आणि बुरशीला आमंत्रण देते, म्हणून आधी बटर पेपरमध्ये गुंडाळून मग सैल झाकणाच्या डब्यात, शक्य तर भाज्यांच्या खणात ठेवावे. दाराच्या फळीत ठेवू नये, कारण तेथील तापमान दिवसभर खालीवर होत असते. निळे चीज वेगळ्या डब्यात असावे, अन्यथा त्याची बुरशी शेजाऱ्यांवर वस्ती करते. फ्रीझरमध्ये याच्या उलट हवा हीच वैरी. तेथे वेष्टन आवळून, हवा दाबून काढून, दुहेरी करावे आणि त्यावर नाव व तारीख लिहावी, कारण गोठलेल्या अवस्थेत किसलेले चेडर आणि किसलेला नारळ यांतील भेद ओळखणे सोपे नसते.

आरोग्याच्या दृष्टीने एक ताकीद देणे भाग आहे. थंडीने सूक्ष्म जीव बहुधा मरत नाहीत, झोपतात. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर शीतकपाटाच्या थंडीतही सावकाश वाढतो आणि फ्रीझरमधूनही जिवंत बाहेर येतो. १९८५ साली लॉस एंजेलिसच्या परिसरात मेक्सिकन धर्तीच्या मऊ चीजमधून तो पसरला तेव्हा गर्भवती स्त्रिया आणि नवजात बालके यांच्यावर सर्वांत मोठा घाला पडला. म्हणून बिघडू लागलेले चीज गोठवून वाचवण्याचा प्रयत्न कधी करू नये, आणि गर्भवती स्त्रीला न तापवलेल्या दुधाचे मऊ चीज देऊच नये. कठीण चीजच्या ठोकळ्यावर बुरशीचा ठिपका आला तर त्याच्या भोवतालचा आणि खालचा निदान अडीच सेंटिमीटर भाग सुरी बुरशीला न लावता कापून टाकावा, उरलेले खाता येते. पनीर, क्रीम चीज, चकत्या किंवा कीस यांवर बुरशी दिसली तर सर्वच टाकावे, कारण ओल्या आणि सुट्या पदार्थात तिचे तंतू नजरेआड दूरवर पोचलेले असतात. जुन्या पार्मिजानोत दाताखाली करकरणारे पांढरे कण मात्र बुरशी नव्हेत. ते मुरताना प्रथिनातून सुटलेल्या टायरोसीनचे स्फटिक आहेत, आणि त्यांना पाहून चांगले चीज फेकून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

शीतकपाट येण्यापूर्वी या देशात जी चीजे होती, त्यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवलेलाच होता. सिक्कीम आणि नेपाळच्या उंचावरील छुर्पी वाळवून इतकी टणक करतात की तिचा खडा गालात धरून तासभर चघळावा लागतो, आणि तिला वर्षानुवर्षे काही होत नाही. पोर्तुगीजांच्या वसाहतीच्या आठवणी सांगणारे हुगळीकाठचे बँडेल चीज मीठ आणि धूर यांच्या आधाराने टिकते, आणि खाण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजत घालावे लागते. तिसरे उदाहरण आपल्या अधिक निकटचे, सुरत आणि मुंबई येथील पारशी घरांतील टोपली पनीर. रेनेटने गोठवलेला साका इवल्या टोपल्यांत निथळतात, टोपलीची नक्षी अंगावर उमटलेले ते थरथरणारे गोळे खारट केलेल्या त्यांच्याच निवळीत पोहत ठेवतात, आणि टिकण्याचा कोणताही दावा ते करीत नाहीत. मुंबईच्या मुक्कामात एका पारशी स्नेह्यांच्या घरी ते आले की त्या दिवसाचा स्वयंपाक त्याच्या भोवती ठरे, आणि रात्री भांडे धुण्यास जाई तेव्हा त्यात केवळ निवळी उरलेली असे.